सोनेरी श्वास

फाटकावरच्या वॉचमनने पिशवीतला डिंकाच्या लाडवांचा डबा दोन बोटांनी उचलला आणि मेलेला उंदीर टाकावा तसा टेबलाखालच्या पेटीत टाकला.

“गूळ आहे यात, मॅडम. आत नेता येत नाही.”

“माझी मुलगी बाळंतीण आहे. तिच्यासाठी आणलेत.”

“बाळंतीण असो की कोणी असो. स्निग्धा हाइट्सचा नियम आहे जी.”

डॉ. यशोधरा भालेराव यांनी वाद घातला नाही. त्यांनी फाटकाच्या खांबावरल्या जाळीत श्वास सोडला. वरचा दिवा राखाडी झाला आणि वॉचमनने त्यांच्या हाताला पाहुण्यांची राखाडी पट्टी बांधली. गंमत अशी, की तो खांब, ती जाळी आणि तो दिवा हे सगळं मुळात यशोधराबाईंच्याच डोक्यातून निघालेलं होतं. आपल्याच पोरानं दार उघडून ‘कोण पाहिजे?’ विचारावं, तसं त्यांना झालं. लाडवांचं म्हणाल तर संध्याकाळपर्यंत दोघा वॉचमननी ते फस्त केले. त्या सबंध वसाहतीत त्या दिवशी शहाण्यासारखं खाल्लं ते त्या दोघांनीच.

यशोधराबाई पूर्वी नागपूरच्या एका सरकारी रुग्णालयात जीवरसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळत. तिथे फेफऱ्याची मुलं येत, कुठलंच औषध लागू न पडणारी. अशांपैकी बऱ्याच जणांना एक जुना उपाय उपयोगी पडतो: धान्य, साखर, बटाटा जवळजवळ बंद; तूप, साय, अंडी, तेल भरपूर. शरीराचं नेहमीचं जळण म्हणजे साखर. ते मिळेनासं झालं की यकृत चरबी फोडतं आणि तिच्यापासून कीटोन नावाची रसायनं बनवतं. मेंदू त्यांच्यावरही चालतो. काही मुलांचा तर जास्त शांत चालतो आणि झटके कमी होतात. या रसायनांतलं एक, अ‍ॅसिटोन, श्वासावाटे बाहेर पडतं. मग पोरांच्या बोटांना रोज सुया कशाला टोचायच्या? म्हणून यशोधराबाईंनी श्वासातलं अ‍ॅसिटोन मोजणारी शर्टाच्या गुंडीएवढी चकती तयार केली. कमी असेल तर राखाडी, हवं तेवढं असेल तर निळी. आणि फार वाढलं तर लाल. कारण कीटोन बनतात तेव्हा आम्ल बनत असतं. थोडं असेल तर रक्त ते सांभाळून घेतं. बेसुमार झालं की रक्तच आंबायला लागतं, आणि आंबलेल्या रक्तावर हृदय फार वेळ चालत नाही.

पुढे ती चकती एका कंपनीच्या हाती गेली. कंपनीने तिचं नाव ‘श्वासदीप’ ठेवलं आणि फेफऱ्याच्या पोरांना सोडून पोट सुटलेल्या प्रौढांना विकायला काढली. वजनं उतरली, फोटो निघाले, खप वाढला. आणि मग तक्रारी आल्या. एवढं तूप गिळून आकडा वर नेला, तर लाल दिवा कशाला? शाबासकी द्यायची सोडून दम देता? कंपनीने गिऱ्हाइकाचा शब्द वरच्यावर झेलला आणि लालच्या जागी सोनेरी दिवा बसवला. यशोधराबाईंनी आरडाओरडा केला. पण तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि निवृत्त बाईचं ओरडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

वर्धा रोडवरची ही वसाहत खास ‘स्निग्ध’ कुटुंबांची. इथे भात फुलकोबीचा, भाकरी बदामाची. सावजी मटण चाले, पण नुसतंच. तर्री चमच्याने प्यायची आणि भाकरीची आठवण मनातल्या मनात काढायची. सकाळी माणसं तूप घातलेली कॉफी घेऊन बागेत हिंडत आणि एकमेकांच्या छातीवरच्या चकत्या न्याहाळत. निळी दिसली की थांबून बोलत, राखाडी दिसली की घाईत असत. ज्याची चकती राखाडी त्याने स्वतःच्या घरातल्या ओट्यालाही हात लावायचा नाही, कारण पिठाचा एक कण उडाला तरी म्हणे घरादाराचा आकडा बिघडतो. त्याचं ताट वेगळं, पेला वेगळा, आणि जेवायची जागा खाली पार्किंगच्या कडेला, पत्र्याच्या खोलीत. तिचं नाव ‘विश्रांती कक्ष’. नावं ठेवण्यात आपली माणसं कधी कमी पडली नाहीत.

यशोधराबाईंची आजी गावात पाटलाच्या ओसरीखाली ओंजळ धरून बसायची आणि वरून कुणीतरी पाणी ओतायचं. लेक लहान असताना त्यांनी तिला हे सांगितलं होतं, आणि ती पोर हमसून हमसून रडली होती. तीच लेक, संघमित्रा, आता पाच महिन्यांच्या निमिषला खांद्यावर घेऊन स्वतःच्या स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी होती.

“आई, ओट्याजवळ नको जाऊ हं. तू राखाडी आहेस. पराग चिडते.”

“सोवळं मोडतं का गं?”

“असं काय बोलून राहिली? सोवळं काय, सायन्स आहे हे.”

“सायन्स मी केलं, मित्रा. हे तुम्ही केलं.”

मित्राने मान फिरवली. तिची चकती निळी होती, आणि ती निळी करायला तिने काय सोसलं ते तिचं तिला ठाऊक. गरोदरपणात तिच्या डॉक्टरीणबाईंनी तिला नीट जेवायला लावलं होतं. साहजिकच बाळंत झाली तेव्हा चकती राखाडी. घरी आल्यावर त्या पत्र्याच्या खोलीत, गाड्यांच्या धुरात, मांडीवर तान्हं घेऊन ती एकटी जेवायची. तिचा नवरा पराग रामटेके वरून डबा पाठवायचा. पराग वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. तो फक्त सगळ्यांसारखा होता.

मग मित्राने मनावर घेतलं. अंगावर पाजत असताना तिने धान्याचा कण बंद केला, फळ बंद केलं, आणि लवकर व्हावं म्हणून एक वेळचं जेवणही सोडलं. पी हळद अन् हो गोरी! पहिल्या आठवड्यात जे वजन उतरलं ते बहुतेक पाण्याचं होतं, पण ते सांगतो कोण? शेजारणींनी तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, खुद्द हरभरा वर्ज्य असूनही. तिला परत ओट्याशी उभं राहायला मिळालं, त्या दिवशी ती ओटा पुसत रडली म्हणे.

“बाळंतिणीनं हे करू नये,” यशोधराबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं. “दुधात साखर असते ना? ती कुठून येते? तुझ्या रक्तातून. तू खाणार नाहीस आणि पोर रोज काढून घेणार. मग तुझं यकृत घाबरं होऊन कीटोनांचा कारखाना काढेल, आणि तो वेळेवर थांबणार नाही. क्वचित होतं हे, पण ज्या बाईला होतं तिला क्वचित होत नाही.”

“खालच्या गोतमारेकाकांची शुगरची गोळी बंद झाली याच डाएटनं.”

“झाली ना. डॉक्टरच्या देखरेखीखाली झाली, आणि गोतमारे कोणाला अंगावर पाजत नाहीत.”

यशोधराबाईंना त्या आहाराचा राग नव्हता. औषध म्हणून त्यांनी स्वतः तो मुलांना दिला होता, आणि काहींच्या कोलेस्टेरॉलवर, काहींच्या मुतखड्यावर डोळ्यांत तेल घालून लक्षही ठेवलं होतं. औषधाला मात्रा असते, मुदत असते, वैद्य असतो. या लोकांनी त्याचा देव केला होता, आणि देवाला मात्रा कोण विचारणार? एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांनी एका दिव्याच्या रंगावरून माणूस वर की खाली ते ठरवावं, याची त्यांना मनापासून शिसारी येई.

त्या आठवड्यात मित्राला तहान लागायला लागली. तांब्याच्या तांब्या पाणी प्यायची आणि ओकायची. जिना चढताना बसायची. शेजारणी म्हणाल्या, केटोचा ताप आहे, सगळ्यांना येतो, मीठ-पाणी पी. परागने तिच्या बोटातून थेंबभर रक्त काढलं आणि आनंदाने यंत्र सासूबाईंसमोर धरलं.

“पाहा आई, शुगर एकदम नॉर्मल. काहून टेन्शन घेता?”

“साखर नॉर्मलच दिसेल, पराग. म्हणून तर फसगत होते. रक्तातलं आम्ल तपासून आण तिचं. आजच्या आज.”

“उद्याचा रविवार होऊ द्या ना. मग नेतो.”

रविवारी काय होतं ते यशोधराबाईंना मित्राच्या छातीवर नजर गेल्यावर कळलं. चकती सोनेरी झाली होती. बायकोला पाण्याचा पेला देण्याआधी परागने अध्यक्षांना फोन लावला होता, आणि सोसायटीतल्या पहिल्या सोनेरी बाळंतिणीचा सत्कार ठरला होता.

“सत्कार झाला की नेऊ,” मित्रा उशीवरून म्हणाली. तिच्या श्वासाला पिकून उतरलेल्या फळाचा वास येत होता. “आई, एवढं एकदा होऊ दे. मग मला कोणी खाली नाही पाठवणार.”

रविवारी सकाळी तिचं ओकणं थांबेना, तशी यशोधराबाईंनी परस्पर अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. ती गर्दीतून यायला वेळ लागणार होता, आणि तेवढ्यात क्लब हाउसमध्ये सत्कार सुरूही झाला.

अध्यक्ष धोटेसाहेब कुठल्याशा खात्यातून निवृत्त झालेले. पोट जागच्या जागी, पण चकती सदा गडद निळी. खात्यातून निवृत्त झाले तरी भाषणातून झाले नव्हते. मित्राला खुर्चीत बसवलं होतं. त्यांनी तिच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला (नारळ चालतो), आणि माइक धरला.

“आपल्या संघमित्राताईंनी मातृत्व सांभाळून जो सोनेरी टप्पा गाठला, तो आपल्या तरुण पिढीला…”

मित्रा खुर्चीत बसूनच धापा टाकत होती. खोल, मोठे, एकामागून एक श्वास, मैलभर पळून आल्यासारखे. रक्त आंबट झालं की शरीर ते आम्ल फुप्फुसांवाटे बाहेर फेकू पाहतं. तो श्वास एकदा पाहिलेला डॉक्टर विसरत नाही. लोकांना वाटलं, भारावून गेली. टाळ्या पडल्या. तेवढ्यात तिच्या हातून नारळ सुटला, ती एका कुशीवर झुकली आणि नव्या शालीवर ओकली.

यशोधराबाई मधल्या रांगेतून उठल्या आणि त्यांनी धोटेसाहेबांच्या हातातून माइक काढून घेतला.

“ही मरून राहिली आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही टाळ्या वाजवून राहिले. हा दिवा मी बनवला, तेव्हा या रंगाच्या जागी लाल होता. अ‍ॅम्ब्युलन्स येतेय. तोवर हिच्या पोटात घोट घोट साखरेचं पाणी गेलं पाहिजे. साखर कोणाच्या घरी आहे?”

एका बाईने पोराला मागे ओढलं.

“साखर म्हणजे विष आहे, मॅडम,” धोटेसाहेब म्हणाले. “भावनेच्या भरात…”

ते जवळ आले होते, आणि यशोधराबाईंच्या नाकात वास शिरला. तोच अ‍ॅसिटोनचा वास, पण उग्र, बाटलीतला. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि सगळ्यांदेखत अध्यक्षांच्या गळ्याशी नाक नेलं.

“रक्तातलं असतं तर तोंडाला वास आला असता, साहेब. तुमच्या कॉलरला येतोय. नेलपॉलिश काढायचं औषध म्हणजे निव्वळ अ‍ॅसिटोन. रोज सकाळी दोन थेंब लावता ना? चकती बिचारी फसते. म्हणजे घरी मजेत जेवता. म्हणजे घरी साखर आहे.”

नाकाने कांदे सोलणाऱ्या त्या माणसाचा चेहरा उतरला. तो काही बोलणार, इतक्यात त्याची बायको दुसऱ्या रांगेतून उठली, नवऱ्याकडे न बघता बाहेर गेली आणि गुलाबजामचा डबा घेऊन आली. अर्धा संपलेला. यशोधराबाईंनी पाक पेल्यात ओतला, त्यात पाणी घातलं आणि मित्राच्या ओठांना लावला.

मित्राने ओठ घट्ट मिटले.

“नको,” ती दातांतून म्हणाली. “सोनेरी जाईल. मला परत त्या पत्र्याखाली बसून जेवायचं नाही, आई.”

पराग खाली गुडघ्यावर बसला होता. “घे ना मित्रा,” तो म्हणाला, पण म्हणताना त्याचे डोळे आजूबाजूला फिरत होते. कोण बघतंय, कोण काय म्हणेल. यशोधराबाईंना त्या क्षणी जावयाच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारली नाही, कारण हातात पेला होता.

“मर मग,” त्या लेकीला म्हणाल्या. “सोनेरी होऊन मेलीस तरी सरणावर राखाडीच होशील. मग हेच लोक निमिषला सांगतील, तुझी आई फार शिस्तीची होती बाप्पा.”

मित्राने डोळे उघडले. आईकडे नाही, तिने समोरच्या बायकांकडे पाहिलं. ज्यांनी तिला झाडावर चढवलं होतं, त्याच त्या.

“मी हे प्यायले,” तिने धापा टाकत विचारलं, “तर मला परत वर घ्याल ना?”

पहिल्या रांगेतल्या बाईने नजर खाली वळवली. दुसरीने पाकाच्या वासाने नाकाला पदर लावला. बाकीच्या आपापल्या चकत्या झाकून मागे सरकल्या.

मित्राने आईच्या हातातला पेला ओढून घेतला आणि घोट घेतला. मग दुसरा.

रुग्णालयात रक्त तपासलं तेव्हा डॉक्टरने तो कागद यशोधराबाईंपुढे सरकवला. आम्ल अति झालं होतं. आणखी एक रात्र घरी काढली असती तर सकाळ दिसली नसती. शिरेतून ग्लुकोज आणि क्षार चढवले. साखर पोचली तशी यकृताने आपली भट्टी विझवायला घेतली, श्वास हळूहळू साधा झाला. यशोधराबाई बाहेरच्या बाकावर निमिषला मांडीवर घेऊन बाटलीने दूध पाजत होत्या. तो चपचप करत होता आणि त्या रडत होत्या. लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. इतक्या दिवसांचा तिरस्कार अंगात साठला होता, तो कुठून तरी बाहेर पडणारच.

वसाहतीत काय झालं? काही नाही. धोटेसाहेबांनी जाहीर केलं, की चकतीची सुरक्षितता तपासण्यासाठी आपण स्वतःवर प्रयोग करत होतो, आणि समितीने त्यांच्या आभाराचा ठराव संमत केला. कंपनीच्या माणसाने यशोधराबाईंना फोन करून फार वाईट वाटल्याचं कळवलं. लाल दिवा परत बसवा, त्या म्हणाल्या. “लाल नको मॅडम, लोक घाबरतात,” तो म्हणाला. “थोडा गडद सोनेरी केला तर?” त्यांनी फोन ठेवला आणि कोर्टात जायचं ठरवलं. वकील गाठला तो फुलकोबीचा भात न खाणारा, हे आधी विचारून घेतलं.

मित्रा उठून बसायला लागली त्या दुपारी यशोधराबाईंनी घरून वरण-भात, वर तूप, लिंबाची फोड असं आणलं. तूपही होतंच, तुपाशी कोणाचं वैर नव्हतं. आठ खाटांचा मोठा वॉर्ड, खाटांमध्ये हिरवे पडदे. मित्राने ताट मांडीवर घेतलं, पहिला घास कालवला आणि थबकली.

“आई, पडदा ओढ ना.”

“काहून?”

“कोणी आलं तर?”

“हात आहे ना तुला. ओढ तूच.”

मित्राने पडद्याकडे पाहिलं. हाताला सुई होती, पण हात पोचला असता. तिने तो उचलला नाही. घास तोंडात घातला आणि डोळे मिटून चावत राहिली. कितीतरी महिन्यांनी खाल्लेला भात. मग ती भराभर खायला लागली, लहान पोरीसारखी, बोटं चाटत.

ताट अर्धं झालं होतं, तेव्हा धोटेसाहेब आले. एकटेच. हातात ब्रोकोलीचा गुच्छ, छातीवर गडद निळी चकती.

“समितीतर्फे आलो, ताई. आमचं ठरलं, की तुमचा सोनेरी दर्जा कायम ठेवायचा. फक्त त्या दिवशीचा प्रकार बाहेर कुठे बोलू नका. आणि आईंना सांगा, कोर्टाबिर्टाची भाषा…”

बोलता बोलता ते थांबले. नजर ताटावर गेली होती. भातावर वरण, वरणावर तूप, तुपावर लिंबू. त्यांच्या गळ्याशी काहीतरी वर-खाली झालं. मित्राने ते पाहिलं. यशोधराबाईंनाही दिसलं, आणि त्यांच्या तोंडाशी एक झोंबरं वाक्य आलं. पण लेक आधी बोलली.

“या, जेवायला,” ती म्हणाली. कुणी जेवताना आलं की म्हणतात, तसं अगदी साधं. “डब्यात पुष्कळ आहे.”

धोटेसाहेबांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. शेजारच्या खाटेकडे पाहिलं. गुच्छ खाली ठेवला, हिरवा पडदा हळूच ओढून सगळीकडून लावून घेतला आणि खुर्ची पुढे सरकवली.

मित्राने डब्याचं झाकण उचललं, डाव हातात घेतला आणि तो तसाच धरून ठेवला.

“आधी पडदा उघडा, साहेब,” ती म्हणाली. “मग वाढते.”